सांडूवरचं टिंब

छत्रपती संभाजीनगर,
२० जुलै २०२५

बद्रीभाऊ, सप्रेम नमस्कार.

डोळा काय म्हणतो? माझा झकास आहे. मोतीबिंदूच्या वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर, डोळ्याला पट्टी असताना आपली ओळख झाली, त्याला तीन वर्षं होत आली. लोक तोंड पाहून मैत्री करतात, आपण आवाजावर केली. पुढं तुमच्या कानांनी संप पुकारला आणि आवाजही गेला. मागं मी फोन केला तर माझ्या बद्धकोष्ठाची हकिकत तुमच्या पारावरच्या समस्त मंडळींना ऐकू गेली म्हणे. तेव्हा आपलं पत्रच बरं.

तर खबर अशी की मी कॉलेजात नाव घातलं आहे. हसू नका. बी.ए., पहिलं वर्ष, विषय समाजशास्त्र, जोडीला मानवशास्त्राचा पेपर. दमयंती म्हणाली, "या वयात लोक जपमाळ घेतात, तुम्ही दप्तर घ्या." पुण्याहून हिमांशूचा फोन, "बाबा, याचा उपयोग काय?" मी म्हटलं, तुझ्या इंजिनिअरिंगचा मला काय उपयोग झाला ते आधी सांग. त्यावर त्यानं सूनबाईकडे फोन दिला.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर अख्खा वर्ग उभा राहिला. त्यांना वाटलं, नवे सर आले. मी मुकाट्यानं जाऊन शेवटच्या बाकावर बसलो तेव्हा पोरांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. शेजारी अभय नावाचा मुलगा बसतो. तो मला काका म्हणतो आणि माझ्याकडून पेन नेतो, परत देत नाही. आमच्या सावनी मॅडम माझ्या सुनेपेक्षाही लहान असतील, पण शिकवतात असं की डोक्यातली जळमटं निघावीत.

खरं सांगू का? जन्मभर तहसील कचेरीत वारसांच्या नोंदी केल्या. कोण कुणाचा कोण, हे हजारदा लिहिलं. माणसं एकमेकांची का होतात, हे एकदाही विचारलं नाही. आता मरण्याआधी विचारून घ्यावं म्हटलं.

आता काम. एका कुटुंबाचा नात्यांचा तक्ता काढून द्यायचा आहे, दिवाळीनंतर. स्वतःचं घर चालत नाही, दुसऱ्याचं पाहिजे. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे वर्तुळ, लग्न म्हणजे गणितातली बरोबरची खूण, भावंडं एका आडव्या रेघेखाली. मला तुमच्या घरासारखं घर कुठं मिळणार? सगळी नावं, कोण कुठं असतं, सविस्तर कळवा. लक्ष्मीवहिनींना नमस्कार.

तुमचा विद्यार्थी मित्र,
अनंत

*

देवगाव रंगारी,
२ ऑगस्ट २०२५

अनंतराव, राम राम.

तुमचं पत्र मी लक्ष्मीबाईला वाचून दाखवलं. ती लई हसली. म्हणली, "त्यांना डबा कोण देतं?" पारावर पुंडलिकनं विचारलं, समाजशास्त्र म्हंजे काय असतं? मी म्हणलं, आपण इथं बसून रोज जे करतो तेच, फक्त फी भरून. त्याला पटलं.

मका कमरेएवढा झाला. अद्रक बी बरं हाय. पाऊस पडतो, उघडतो, त्याची मर्जी.

आता घराचं लिहितो. माझी लिहायची रीत तुम्हाला ठाऊक हाय. मी अक्षरं आधी काढतो आन् टिंबं समदी शेवटाला देत जातो, मक्याला युरिया टाकल्यावानी. कुठं राहिलं तर तुमच्या अकलेनं द्या.

वडील मारोती, आई कौसाबाई. दोघं बी आता नाय. मी थोरला. घरात मी आन् लक्ष्मीबाई. ती शिऊरची, तिला भाऊच भाऊ. आमचा पोरगा सोमनाथ, तो शेती पाहतो, त्याची बायको, त्यांची दोन पोरं, ती आमच्या डोक्यावर बसलेली असतात. साडू बजाजनगरला असतो. वाळूजकडं कंपनीत होता, आता रिटायर झाला. त्याला एक पोरगी, प्रेरणा, तिचं लग्न झालं. बस. एवढंच आमचं गोत.

आम्हाला त्रिकोण काढा का चौकोन, पण तक्त्यात लक्ष्मीबाईला माझ्यापेक्षा मोठी काढू नका. आधीच ती ऐकत नाय.

तुमचा,
बद्रीनाथ

*

छत्रपती संभाजीनगर,
१४ ऑगस्ट २०२५

बद्रीभाऊ,

जिंकलो! तुमच्या घराण्याचा तक्ता सावनी मॅडमनी फळ्यावर लावून सगळ्या वर्गाला दाखवला. "किती नेटका आहे पाहा," म्हणाल्या. म्हटलं, मॅडम, कचेरीतला हात आहे.

वर्गात एक गंमत झाली. अभयनं विचारलं, "काका, साडू म्हणजे कोण?" आजकालच्या पोरांना काका, मामा, मावसा, साडू, सगळे अंकलच. मग मी उभा राहिलो. बायकोच्या बहिणीचा नवरा तो साडू. दोन अनोळखी पुरुष, दोन सख्ख्या बहिणींमुळे बांधले गेलेले. एकाच सासऱ्याचे दोन बळी. इंग्रजीत ह्याला धड शब्द नाही, आपल्याकडे आहे, कारण आपल्याला ह्या नात्याची गरज पडते. पोरं हसली, मॅडमनी वहीत टिपून घेतलं. घरी येऊन दमयंतीला सांगितलं तर म्हणाली, "माझ्या बहिणीच्या नवऱ्याशी तर तुम्ही धड बोलत नाही." ते जाऊ द्या.

सोबत तक्त्याची नक्कल पाठवतो. तुम्ही नजर घाला. दोन गोष्टी अडल्या आहेत. लक्ष्मीवहिनींच्या बहिणीचं नाव तुम्ही कळवलं नाहीत, म्हणून ते वर्तुळ रिकामं ठेवलं आहे. साडूंचंही नाव नाही. तेवढी दोन नावं कळवा म्हणजे माझा तक्ता पुरा झाला.

पोळ्याला बैलांना माझा नमस्कार सांगा.

तुमचा,
अनंत

*

देवगाव रंगारी,
२४ ऑगस्ट २०२५

अनंतराव,

या पत्रात मी टिंबं संगंसंगं देत चाललो हाय. तुम्हाला कळंल काहून.

तुमचा कागद पोळ्याच्या आदल्या दिवशी आला. लक्ष्मीबाई स्वतःचं वर्तुळ पाहून खूश झाली, भाकरीसारखं गोल काढलं म्हणली. मंग शेजारचं रिकामं वर्तुळ पाहिलं. "ही कोण?" मी म्हणलं, तुझी बहीण. ती म्हणली, "मला बहीण नाय. आमच्या बापाला पाच पोरं आन् मी एकली. ही कुठून उपजली?" आन् मला असं पाहत होती की जशी मीच कुठून आणली.

मला साडू नाय, अनंतराव. ते साडू नव्हतं. ते सांडू हाय. टिंब राहिलं. सांडू माझा सख्खा भाऊ हाय. माझ्या पाठचा. त्याला तुम्ही माझ्या रेघेखालून उचलून बायकोच्या अंगाला नेऊन ठेवलं.

कागद मी दोनदा पाहिला. राग तुमचा नाय आला. वाटलं, कागद खरं बोलला.

चार वर्षं झाली, आम्ही बोलत नाय. त्यानं नाव बदललं. सरकारात कागद देऊन संदीप झाला. प्रेरणाच्या लग्नाची पत्रिका आली, त्यात लिहिलेलं, आपला नम्र संदीप. मी पारावर वाचत होतो. पुंडलिक म्हणला, हा संदीप कोण? मी काय सांगू? आमच्या आईनं त्याला जगवायसाठी ते नाव ठेवलं होतं. त्याच्या आधीची दोन लेकरं गेली होती. ह्याला ती म्हणली, हा माझा नाय, हा सांडलेला हाय, म्हंजे देवाची नजर नाय जाणार. त्या नावावर तो जगला, मोठा झाला, कंपनीत लागला. मंग त्याला त्याच नावाची लाज वाटली. आईची लाज वाटली म्हणा.

मी लग्नाला गेलो. अक्षता टाकल्या. न जेवता आलो. तेव्हापासून दसऱ्याला तो सोनं द्यायला येत नाय. लहान्यानं मोठ्याकडं यायचं असतं. आपट्याचं झाड आमच्याच बांधाला हाय. दरसाल मी पानं तोडून ठेवतो, ती सुकतात.

तक्त्यात त्याला माझ्या रेघेखाली आणा. नाव सांडूच लिहा.

बद्रीनाथ

*

छत्रपती संभाजीनगर,
८ सप्टेंबर २०२५

बद्रीभाऊ,

आधी मला चार शिव्या घाला, मग पुढं वाचा.

दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं बसवलेला मी, आणि मला एक टिंब दिसलं नाही! वर त्या चुकलेल्या शब्दावर वर्गात भाषण ठोकलं. गेल्या आठवड्यात मॅडमसमोर उभं राहून सांगावं लागलं की त्या तक्त्यात साडू नाहीच. अभय म्हणाला, "म्हणजे काका, तुम्ही एक बाई जन्माला घातली?" वर्ग असा हसला की बाजूच्या इतिहासाच्या वर्गातले सर डोकावून गेले. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "चूक झाली तर घरात बसून दुरुस्त करू नका. माणसाला भेटा."

म्हणून मी गेलो. तुम्हाला न विचारता गेलो, रागवा खुशाल. सिटी बस धरून बजाजनगरला उतरलो. तुमच्या सांडूचं घर सापडायला वेळ लागला, कारण मी सांडू म्हणून विचारत होतो आणि लोक म्हणत होते इथं कुणी सांडू राहत नाही. शेवटी एका जुन्या कामगारानं ओळखलं. "अच्छा, वो अपना सांड? वो पीली बिल्डिंग, दूसरा माला." मला तेव्हा काही कळलं नाही.

माणूस तुमच्यासारखाच आहे हो. तेच कान, तीच बोलायच्या आधी मान हलवायची लकब. तुमचा मित्र आहे म्हटल्यावर उभाच राहिला. पहिला प्रश्न, "दादाचे कान कसे आहेत?" चहा झाला, पोहे झाले. मग मी सरळ विचारलं, नाव का बदललंत? पोह्यांच्या बशा गोळा करू लागला. त्याची बायको आतून म्हणाली, "सांगा की. आता काय राहिलंय."

बद्रीभाऊ, तुमच्या आईच्या मराठीत सांडू म्हणजे सांडलेला. कंपनीत निम्मी माणसं हिंदी बोलणारी. त्यांच्या हिंदीत सांड म्हणजे वळू. पहिल्या दिवसापासून रिटायर होईपर्यंत तुमचा भाऊ तिथं सांड होता. "ए सांड, मशीन बंद कर." "सांड आज लंगडा क्यूँ रहा है?" त्यानं सगळं सोसलं. म्हणाला, पोटासाठी माणूस काहीही ऐकून घेतो. एकदा प्रेरणा डबा द्यायला गेटवर गेली. वॉचमन आत ओरडला, "अरे सांड को बुलाओ, उसकी लडकी आयी है." पोरगी घरी आली, जेवली नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यानं नाव बदलायचा अर्ज केला.

मी विचारलं, हे भावाला का नाही सांगितलं? तर म्हणतो, "दादाला सांगितलं असतं तर तो काठी घेऊन गेटवर आला असता. मग नोकरी पण गेली असती आन् दादा पण चौकीत."

आईची लाज वगैरे काही नाही हो त्याला. भिंतीवर तुमच्या आईचा फोटो आहे, खाली ताजं फूल होतं.

तुमचा,
अनंत

*

देवगाव रंगारी,
१८ सप्टेंबर २०२५

अनंतराव,

इथं पाऊस लई झाला. मका आडवा पडला थोडा, उभा करतो हाय. ते चालायचंच.

तुमचं पत्र वाचलं आन् मी गोठ्यात जाऊन बसलो. लक्ष्मीबाई दोनदा हाक मारून गेली. ऐकू येत होतं, पण कान नसल्याचा एक फायदा असतो, ऐकू आलं नाय म्हणता येतं.

चार वर्षं मी त्याला मनातल्या मनात काय काय बोललो. आन् तो तिकडं वळू होऊन राबत होता. काठी घेऊन गेलो असतो हे मात्र त्यानं बरोबर ओळखलं. गेलोच असतो.

आता एक गोष्ट सांगतो. आजवर कुणाला सांगितली नाय. तुमच्या तक्त्यात बसती का पाहा.

सांडू झाला तव्हा मी सात वर्षांचा. त्याच्या पाचवीच्या दिवशी सुईणीनं त्याला सुपात घालून उकिरड्याच्या कडंला नेऊन ठेवलं आन् मोठ्यानं म्हणली, "सांडलं गं बाई, सांडलं!" रीत अशी की शेजारच्या गयाबाईनं तिकडून यायचं, "सापडलं गं!" म्हणून उचलायचं, आन् मंग आईनं तिच्याकडून ओंजळभर जवारी देऊन लेकरू इकत घ्यायचं. म्हंजे ते आईचं राहात नाय, इकतचं होतं. नशिबाला पत्ता लागत नाय.

पण गयाबाईचं दूध उतू गेलं चुलीवर, आन् ती आलीच नाय. मला ह्यातलं काय ठाऊक? मी खेळून आलो तर माझा भाऊ उकिरड्यावर, आन् कोंबडी त्याच्या सुपात चोच घालते. मी त्याला उचलला आन् जो पळालो तो मारुतीच्या देवळात जाऊन बसलो. पोटाशी धरून. गयाबाई शोधत आली तर मी म्हणलो, "मला सापडला. मी नाय देत."

तिनं मला तसंच घरी आणलं. आई उंबऱ्यात उभी. म्हणली, "बद्री, काय घेशील?" मी म्हणलो, गूळ. आईनं एक खडा दिला. मी भाऊ दिला आन् गूळ खाल्ला.

आईनं मंग मला शपथ घातली, कोणी उचलला ते ह्याला कधी सांगायचं नाय, नायतर उचललेलं परत सांडतं. गयाबाईला बी घातली. ती गेली, आई गेली. राहिलो मी. त्याला वाटतं गयाबाईनं उचललं.

भाऊ तर तो हायच. पण त्याला उचलणारा बी मीच हाय ना? मंग मी त्याचा कोण? पत्रिकेवर संदीप वाचलं तव्हा मला वाटलं, ज्याला पोटाशी धरून पळालो ते लेकरूच कुणी नाव पुसून नेलं. म्हणून एवढं लागलं, अनंतराव. नावाचं नुसतं निमित्त.

दसरा जवळ आला. मी मोठा, मी कसा जाऊ? आन् गेलो तर काय बोलू? हे त्याला तुम्ही सांगू नका. तुम्हाला माझी आण.

बद्रीनाथ

*

छत्रपती संभाजीनगर,
२६ सप्टेंबर २०२५

बद्रीभाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दमयंतीला वाचून दाखवलं नाही, तेव्हा ती समजली की ह्यात काहीतरी आहे, आणि तिनं विचारलंही नाही. असं पहिल्यांदा घडलं.

मॅडमनी माझी चांगली हजेरी घेतली. मी त्यांना एवढंच सांगितलं की बजाजनगरला ऐकलेलं मी देवगावला कळवून टाकलं. तर म्हणाल्या, "काका, हे पहिल्या आठवड्यातच शिकवलंय. एकानं विश्वासानं सांगितलेलं त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही. तुम्ही संशोधक आहात, पोस्टमन नाही." मान खाली घालून ऐकलं. जन्मभर कचेरीत वरिष्ठांचं ऐकलं, पण एवढं खरं कुणी बोललं नव्हतं. तेव्हा निश्चिंत असा, तुमची आण मी पाळणार. जीभ चावून का होईना.

पण मला एक विचारायचंच होतं, ते मी नाव-गाव न सांगता विचारलं. म्हटलं, मॅडम, जन्मानं भाऊ आहे, पण रीतीनं त्याला उचलून घेणाराही तोच आहे, तर ते तक्त्यात कसं दाखवायचं? त्यांनी खडू उचलला. मग म्हणाल्या, "रक्ताची रेघ सलग काढायची. रीतीनं, मनानं जोडलेलं असेल तिथं तुटक रेघ, टिंबाटिंबांची."

बद्रीभाऊ, मी बाकावर बसून हसलो. टिंबंच टिंबं. तुम्ही एक विसरलात आणि मला आता ओळीनं द्यावी लागली.

तक्ता नव्यानं काढला. ते उपटसुंभ वर्तुळ खोडलं, लक्ष्मीवहिनींना कळवा, बहीण परत गेली. सांडू तुमच्या शेजारी आले, एकाच आडव्या रेघेखाली. खाली नाव लिहिलं, सांडू. आणि तुमच्या त्रिकोणापासून त्यांच्या त्रिकोणापर्यंत एक वेगळी, टिंबाटिंबांची रेघ.

त्याची एक प्रत घेऊन काल बजाजनगरला गेलो. तक्ता त्यांच्याही घराचा आहे, तपासायला द्यायला नको? आधी तर तुमच्या भावाची माफी मागितली. म्हटलं, तुमची गोष्ट मी देवगावला कळवून बसलो, न विचारता. त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "काठी काढली का त्यानं?" मी म्हटलं नाही, गोठ्यात जाऊन बसले. त्यावर त्यानं डोळे पुसले आणि बायकोला चहा टाक म्हणाला.

मग कागद बघत बसला. सलग रेघेवरून बोट फिरवलं, टिंबांच्या रेघेवर थांबलं. "ही कशाची?" मी म्हटलं, ते मला सांगता येत नाही, शपथ आहे. "कुणाची?" म्हटलं, तेही सांगता येत नाही. देवगावला जाऊन विचारा.

त्यानं कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात, चष्म्याजवळ ठेवली.  मला बसपर्यंत सोडायला आला. मी शपथ मोडली का नाही, ते तुम्हीच ठरवा.

दसऱ्याच्या आगाऊ शुभेच्छा. पानं ह्या खेपेलाही तोडून ठेवा.

तुमचा,
अनंत

*

देवगाव रंगारी,
४ ऑक्टोबर २०२५

अनंतराव, राम राम.

सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.

तुम्ही लई बेरकी माणूस. शपथ मोडली नाय, नुसती वाकवली. कचेरीचा माणूस तो कचेरीचाच.

दसऱ्याला दुपारपर्यंत कुणी आलं नाय. मी शस्त्रं पुजली, म्हंजे विळा, कुऱ्हाड आन् सोमनाथचा ट्रॅक्टर. पानं ताटात ठेवली होती. लक्ष्मीबाई ताट उचलायला आली, मी म्हणलं राहू दे. तेवढ्यात रिक्षा थांबली. सांडू उतरला, मागून त्याची बायको. हातात आपट्याची जुडी, क्रांती चौकातून इकत आणलेली! बांधाला झाड उभं असताना हा शहाणा शहरातून पैसे देऊन पानं आणतो. मी ते बोलणारच होतो, पण तो माझ्या पायाशी वाकला आन् पानांचं राहूनच गेलं.

जेवायच्या आधी त्यानं तुमचा कागद काढला. त्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, "दादा, ही टिंबं कशाची?" मी म्हणलं, ऐकू नाय आलं. त्यानं मोठ्यानं विचारलं. मी परत म्हणलं, नाय आलं. मंग तो माझ्या कानापाशी आला आन् एवढ्या जोरात ओरडला की पारावरून पुंडलिक उठून आला, काय झालं म्हणत.

मंग सांगितलं. सुपाचं, कोंबडीचं, मारुतीच्या देवळाचं, समदं. आईची शपथ मोडली, पण मनात म्हणलं, आई, तुझं लेकरू आता साठीच्या पुढं गेलं, आता नाय सांडत. सांगता सांगता माझं मलाच रडू आलं. सोमनाथची पोरं बघतच राहिली, आजोबाला रडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

सांडू कागदावरच्या टिंबांवरून बोट फिरवत होता. शेवटाला म्हणला, "गुळाच्या एका खड्यात इकलंस मला?"

मी म्हणलं, लहान होतो रे.

तर म्हणला, "मंग सौदा मोड. गूळ परत दे, आन् मला परत घे."

लक्ष्मीबाईनं डब्यातून खडा आणून माझ्या हातात दिला. मी त्याच्या तोंडात घातला. एवढा मोठा झालेला माणूस, पण गूळ खाताना लेकरासारखाच दिसला. मंग आम्ही जेवलो. लग्नातलं राहिलेलं जेवण बी त्याच दिवशी जेवलो म्हणा ना, पोळ्या मी मोजल्या नाय.

कागदावर तो संदीप राहू दे. त्याचं बरोबर होतं, ते मला आता पटलं. तिकडल्या लोकांच्या तोंडाला आपण काय करणार? पण उंबऱ्याच्या आत आला की सांडू. हे आमचं दोघांचं ठरलं.

तो अजून इथंच हाय, चार दिवस राहतो म्हणतो. मक्याची कणसं खुडायला बी चलतो म्हणला, कंपनीतल्या माणसाला जमतं का बघू.

मॅडमला सांगा, तक्ता बरोबर हाय. आन् हे पत्र नीट तपासून पाहा, एक बी चूक सापडायची नाय. अक्षरं मी काढतो हाय. टिंबं शेजारी बसून सांडू देतो हाय.

तुमचा,
बद्रीनाथ

ता. क. टिंबं बरोबर आहेत. मी मोजून दिली. — सांडू